डावं फूल पडेना

मुंबईच्या डॉक्टरनं माझी पाठ उघडली, आत काय वाकडं होतं ते सरळ केलं आन परत शिवून टाकली. ऑपरेशनचं मी तुम्हाला सांगत बसणार नाय. ज्याचं झालंय तो स्वतःचंच सांगतो, आन ज्याचं नाय झालं तो जांभया देतो. सांगायचं हाय ते नंतरचं. निघताना डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं: वाकायचं नाय, उचलायचं नाय, जमिनीवर बसायचं नाय, पाठीचा पट्टा काढायचा नाय. मी विचारलं, "साहेब, सायकल?"

"सहा महिन्यांनी बघू," तो बोलला. "आणि चालवलीत तरी फक्त सपाटीवर."

आता बोला! माणूस शिकलेला, पण पोलादपूर तालुका बघितलेला नाय. आमच्या करंजकोंडात सपाट म्हणाल तर वाटण वाटायचा पाटा आन देवळासमोरचं अंगण. बाकी सगळा चढ, नायतर उतार. आमच्या बायकांच्या हातातून कांदा सुटला तर तो आणायला नाक्यावर जावं लागतं.

आन माझी सायकल काय साधी होती? एकवीस गिअरची! डोंगरात चालवायची म्हणूनच बनवलेली. युसुफनं ती कुवेतवरून खोक्यात घालून आणली होती. युसुफ म्हंजे पोलादपुरातला माझा जुना दोस्त, तिकडं ट्रक चालवतो, दोन वर्सांनी एकदा सुट्टीवर येतो. मी त्याच्या आईला, हाजराचाचीला, भर पावसातपण दुधाचा खाडा पाडला नाय, म्हणून त्यानं ती मला दिली. रोज पहाटे गावातल्या चौदा घरांचं दूध दोन किटल्यांत भरायचं, किटल्या दोन बाजूंना टांगायच्या आन सात वळणं उतरून नाक्यावर हजर. पुण्याची पोरं असल्याच सायकली घेऊन, डोक्यावर टोपली घालून, पदरचे पैसे खर्चून घाटात येतात आन त्याला खेळ म्हणतात. मी तोच खेळ दूध न सांडता खेळत होतो, पण आपल्याला कोण विचारतो.

तर मी मुंबईवरून आलो तेव्हा सायकल माळ्यावर गेलेली. माझ्या बायकोनं, सगुणानं, ती सुंभाच्या दोरीनं आढ्याला अशी आवळली होती, की मारकी म्हैससुद्धा कोण अशी बांधत नाय.

"गो, ही खाली कधी येणार?"

"तुमची पाठ बरी झाल्यावर."

"बरी झाली ना!"

"कागद दाखवा."

त्यात माझ्या दुखण्यात मदतीला म्हणून तिचा भाऊ मुरारी आपली एम-एटी फटफटी घेऊन आला होता. मदत संपली, मुरारी संपला नाय. गावाचं दूध आता तो खाली नेत होता, आन माझ्या ओट्यावर माझ्या जागेवर बसून माझा चहा पीत होता. मी बसू शकत नव्हतो, म्हणून मी त्याच्यासमोर उभा. कोणी आला की वाटायचं, मुरारी घरमालक आन मी वसुलीला आलोय. वर हा माळ्याकडं बघून म्हणतो कसा, "भावोजी, तुम्ही काय आता चालवत नाय. तिचं पुढचं चाक मला द्या. विहिरीच्या रहाटाला झकास बसेल."

रहाटाला! कुवेतच्या चाकाला! त्या दिवशी मी जेवलो नाय. म्हंजे एक भाकरी कमी खाल्ली.

सहा महिने मी सल्ले ऐकत काढले. आमच्या शेजारी एका बाजूला चंदू, दुसऱ्या बाजूला महादू. आमच्या घरामागं दोघांची परडी एकमेकांना लागतात, त्या हद्दीवर एक फणस हाय, आन तो कोणाचा ह्याच्यावरनं दोघं वीस वर्सं एकमेकांशी बोलत नायत. त्यामुळं चंदू सांगेल त्याच्या उलट महादू सांगणार. चंदू म्हणाला पाठ शेका, की महादू पडवीतून ओरडणार, "शेकू नको रं नाथू, गार पाणी मार!" माझी पाठ बिचारी सकाळी भाजली जायची, दुपारी विझवली जायची.

चंदूच्याच नादानं मी सवच्या उन्हेऱ्यावर गेलो. जमिनीतून आपसूक गरम पाणी येतं, त्यात बसलं की हाडं बरी होतात म्हणतात. होत असतील. पण डॉक्टरनं सांगितलं होतं पट्टा काढायचा नाय, म्हणून मी पट्ट्यासकट कुंडात उतरलो. पट्ट्यानं पाणी पिलं. येवढं पिलं, येवढं पिलं, की भिजलेल्या भाताचं पोतं कमरेला बांधल्यासारखं झालं आन मला उठवेना. शेवटी चार अनोळखी माणसांनी मला विसर्जनातल्या गणपतीसारखा धरला, फक्त उलटा, म्हंजे पाण्यातून बाहेर. त्यातला एक म्हातारा तर सवयीनं "मोरया" बोललासुद्धा.

सहा महिने भरले तसा मी कागद आणायला गेलो. कुठल्या कचेरीत ते सांगत नाय, तिथल्या साहेबांचं रिटायर व्हायचं वय हाय, उगाच कशाला. साहेब भला माणूस. चष्मा कपाळावर, पान गालात.

"फिटनेस सर्टिफिकेट? कशासाठी? नोकरी?"

"नाय."

"लायसन?"

"नाय साहेब, सायकलसाठी."

"सायकलला फिटनेस लागत नाही."

"सायकल फिट हाय. मला पायजे."

त्यानं तीन फायली उघडल्या, तीन बंद केल्या. "असा फॉर्मच नाही. नोकरीचा आहे, वाहनाचा आहे, तुमचा नाही." मग माझा पट्टा बघून त्याला माझी दया आली. तिथंच घात झाला. माणसाला साहेबाचा राग परवडतो, दया नाय. "ऑपरेशन झालंय का? थांबा, रिकाम्या हातानं पाठवत नाही." आतून डॉक्टरची सही आणली, शिक्का मारला आन कागद दिला. मी शिकलो चौथी, तीपण तुटक तुटक. शिक्का गोल दिसला, मी खुश. घरी येऊन ऐटीत सगुणाच्या हातात ठेवला. ती सातवी शिकलेली. तिनं वाचला, परत वाचला, आन पदर तोंडाला लावला.

"अवो, ह्याच्यावर लिवलंय तुम्ही चाळीस टक्के अपंग. एसटीत सवलत मिळणार."

तिनं तो कागद काच लावून भिंतीवर टांगला. देवांच्या फोटोंच्या रांगेत. मुरारीनं त्याला उदबत्ती दाखवली.

त्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "कागद गेला खड्ड्यात! देवीनं सांगितलं तर सोडशील?"

सगुणानं देवळाच्या दिशेला हात जोडले. मग म्हणाली, "देवीनं सांगितलं तर मी कोण? कौल लावा. होय आलं तर सायकल खाली. नाय आलं तर चाक मुरारीला, आन परत सायकलचं नाव काढायचं नाय."

आता कौल म्हंजे काय ते ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांगतो. आमची काळकाई देवी म्हंजे हातभर उंचीचा पाषाण. गुरव देवीच्या दोन खांद्यांवर दोन ओली फुलं चिकटवतो आन गाऱ्हाणं घालतो. उजवं फूल आधी पडलं तर होय, डावं आधी पडलं तर नाय. फुलाला हात लावायचा नाय. आन आमच्या कोंडाचा, म्हंजे वाडीचा, जुना रिवाज असा, की दोन्ही फुलं पडेस्तोवर कौलाला बसलेल्यानं उठून जायचं नाय. आमच्याकडं लग्न, विहीर, म्हैस, सगळं कौलावर ठरतं.

मी देवीला मानतो. माझा देवीवर पूर्ण विश्वास. पण वाऱ्यावर नाय. देऊळ तीन बाजूंनी उघडं, वारा कुठून कधी येईल सांगता येत नाय, आन इथं प्रश्न एकवीस गिअरचा. म्हणून म्हटलं, देवीला थोडी मदत करावी.

मे महिना होता. हद्दीवरचा तो फणस फळांनी लगडलेला. फणसाचा चीक ठाऊक हाय ना? कोकणात पोर जन्माला आलं की आधी रडायला शिकतं, मग फणस कापताना हाताला खोबरेल लावायला. नाय लावलं तर बोटं बोटांना चिकटतात, ती सुटता सुटत नायत. मी एका कोवळ्या फणसाच्या देठाला कोयत्याचा टोचा मारला, करवंटीत चीक धरला, आन गुरव रामजी दुपारचा जेवायला गेला तसा देवळात शिरलो. पयलं दंडवत घातलं, उभ्यानंच, वाकता येत नव्हतं. मग चीक लावायला बोट पुढं केलं आन थांबलो. डावा खांदा कोणाचा? माझा का देवीचा? ती माझ्याकडं तोंड करून. तिचा उजवा तो माझा डावा. खात्री करायला देवीसारखं तोंड करून उभं राहावं म्हटलं, तर पट्ट्यामुळं मला वळायचं म्हंजे बैलगाडी वळवल्यासारखं, अर्धं अंगण लागतं. वळलो, माझा डावा हात वर धरला, तो कुठल्या खांबाकडं येतो ते ध्यानात धरून परत उलटा वळलो, आन देवीच्या डाव्या खांद्यावर चीक फासला. चांगला फासला. कंजूषपणा आपल्या रक्तात नाय.

संध्याकाळच्या आधी सगळा कोंड जमला. रामजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्याला चीक काय दिसला नाय. त्यानं दोन्ही फुलं लावली आन गाऱ्हाणं घातलं, "आई काळकाई, तुझा लेक नाथू पाठीतनं मोडला होता, आता उभा हाय. त्यानं सायकल चालवावी काय? असेल तर उजवं दे, नसेल तर डावं दे!"

दोन मिनटं पण गेली नसतील. उजवं टपकन पडलं.

"होय महाराजा!" लोक ओरडले. मी सगुणाकडं असं बघितलं जसं नवरा बायकोकडं आयुष्यात एकदा बघू शकतो.

"थांबा," रामजी म्हणाला. "डावं पडू द्या."

डावं पडेना. पाव तास झाला, अर्धा तास झाला. गोठ्यात म्हशी ओरडायला लागल्या. लोक बसलेले, मी उभा. तास झाला. वारा आला, देवळातला घंटेचा दोर हलला, समई विझली, डावं फूल हललं नाय. मला काय ते ठाऊक होतं, पण बोलतो कसा?

"आईच्या मनात काहीतरी हाय," रामजी गंभीर होऊन म्हणाला. "ती फूल धरून बसली. काहीतरी विचारायचं राहिलंय." त्यानं उजव्या खांद्यावर नवीन फूल लावलं. "आई, नाथूनं वाजतगाजत जावं काय?"

उजवं पडलं. होय.

"नुसतं उतरण्यात काय पुरुषार्थ," मागून मुरारी बोलला. "नाक्यावरनं वर चढत यावं काय, विचारा."

नवीन फूल. पडलं. होय.

"दूध घेऊन?"

होय.

"पाय न टेकता?"

होय!

 आता माझ्या ध्यानात आलं मी काय करून बसलो ते. डावं पडणारच नाय म्हंजे देवी आता नाय म्हणणारच नाय! जो विचारेल त्याला होय! येवढ्यात चंदू उठला. "आई, हद्दीवरचा फणस माझा काय?" होय. चंदूनं टाळी वाजवली तोवर महादू पुढं घुसला, "आई, फणस माझा काय?" होय. दोघं वीस वर्सांनी पयल्यांदा एकमेकांशी बोलले. काय बोलले ते छापता येणार नाय.

त्या गोंधळात मुरारी हळूच देवीपुढं गेला. हात जोडले, डोळे मिटले, हाच माणूस माझ्या सर्टिफिकेटला उदबत्ती दाखवणारा. "आई, भावोजींची सायकल मला मिळावी काय?"

मी ओरडणार होतो. पण काय ओरडणार? उजवं फूल पडलं. होय.

रामजीनं डोकं खाजवलं. नाथूनं चालवावी तेपण होय, मुरारीला मिळावी तेपण होय. देवी खोटं बोलत नाय. मग त्यानंच अर्थ लावला: "येत्या रविवारी नाथूनं नाक्यावरनं वर यायचं. देवळापर्यंत पाय टेकला नाय तर सायकल नाथूची. टेकला तर सायकल मुरारीची. आन डावं फूल तसंच राहू द्या. रविवारी परत बसू."

न उठायचा रिवाज मोडला तो मोडलाच. पण म्हशींना कोण समजावणार?

घरी आल्यावर सगुणा थेट माळ्याकडं गेली. शिडी लावली, वर गेली, दोरी कापली आन सायकल एकटीनं खाली उतरवली. चाकावरची जळमटं पदरानं पुसली. मग चुलीपाशी बसून म्हणाली, "मुंबईला बाकड्यावर बसून होते मी पाच तास. आतून कोण येऊन काय सांगत नव्हतं. तुम्हाला सायकल दिसते. मला ते बाकडं दिसतं." मी म्हटलं, "गो, देवीनं सांगितलंय." ती म्हणाली, "हो ना. देवीला नवरा हाय कुठं."

आता माझ्या मनात काय होतं ते खरं सांगतो. मला घाम फुटला होता. सहा महिने मी सायकल सायकल करत होतो खरा, पण माझ्या पाठीत अजून सकाळी उठताना कडकन वाजायचं. नाय म्हणायची पण सोय नव्हती. देवीचा हुकूम, बाजावाल्यांना सांगून झालेलं.

रविवारी नाक्यावर जत्रा भरली. एमआयडीसीतनं रात्रपाळी करून आलेले कामगार बसमधून उतरले ते घरी गेलेच नायत. खालू बाजावाले ढोल-सनई घेऊन हजर. युसुफ सुट्टीवर आलेला, त्यानं सायकलला तेलपाणी केलं, किटल्या टांगल्या. वर जायचं दूध खाली कसं आलं? मुरारीनंच गाडीवर आणलं. दूध खाली आणायचं आन परत वर न्यायचं. म्हशी बघत असत्या तर त्यांनी दूध द्यायचं बंद केलं असतं.

मला पाय वर टाकून सायकलवर बसता येत नव्हतं. नाक्यालगतच्या युसुफच्या घराच्या ओट्यावरनं त्यानं आन हाजराचाचीनं मला सायकलवर सोडलं, कपाटावर ट्रंक ठेवतात तसं.

"बघ नाथू," युसुफ म्हणाला, "सगळ्यात छोटा गिअर लाव. लोडेड ट्रक घाटात पयल्यावर चढवतात. घाई नको. पब्लिक हसंल, हसू दे."

पब्लिक हसलं. त्या छोट्या गिअरात पाय चालतात शिलाई मशीनसारखे आन सायकल चालते गोगलगायीसारखी. त्यात पुढं बाजावाले. ते वाजवत चालणार, त्यांच्या पुढं जायचं नाय, आन पाय टेकायचा नाय! तुम्ही कधी ढोलवाल्याच्या मागं सायकल चालवलीय? चालवू नका. पयल्या वळणावर सनईवाला दम खायला थांबला. मी थांबू शकत नव्हतो. मग मी त्या बाजावाल्यांच्या भोवती गोल गोल फिरायला लागलो, मळणीच्या बैलासारखा. "आवर रे लवकर!" मी ओरडतोय, आन सनईवाला आरामात तोंड पुसतोय, "नाथूदा, फुफ्फुसाचं काम हाय, पायाचं नाय."

मागून मुरारीची एम-एटी, तिच्यावर रामजी गुरव पंच म्हणून बसलेला. आता ज्याला मोतीबिंदू त्याला पंच केला तो कोणी, विचारू नका. चौथ्या वळणावर गाडी तापली आन बंद पडली. मुरारी ती ढकलत निघाला. रामजी उतरायला तयार नाय, कारण देवीनं त्याला पंच नेमलेला, पंचानं जागा सोडायची नाय. मुरारीची जीभ बाहेर. मला हसू आलं. हसलो तसा पट्टा सरकला आन काखेत आला. हात खाली घेता येईनात, कोंबडा पंख फुगवतो तसा मी पाचवं वळण चढलो. किटलीचं झाकण कधी उडालं कळलं नाय. दूध माझ्या पाठीवर उडत होतं. चंदू एका बाजूनं ओरडतोय "पुढं झुक!", महादू दुसऱ्या बाजूनं "मागं रेल!" मी मधोमध राहिलो, आन खरं सांगतो, त्या दोघांच्या भांडणानंच माझा तोल सांभाळला.

शेवटचं वळण सातवं. तिथं रस्ता नाय, भिंत हाय. तिला डांबर लावलंय येवढंच. पाय भरून आले, डोळ्यांपुढं काजवे, सायकल जागच्या जागी डुलायला लागली. मी मनात चाकाला राम राम केला. डावा पाय सुटणार, तेवढ्यात मागून सीटला कोणीतरी घट्ट धरलं.

"टेकवा पाय! टेकवून बघा!" सगुणा होती. डोक्यावर पदर नाय, पायात चपला नायत. "सहा महिने अंघोळ घातली मी तुम्हाला. उभं राहायला शिकवलं. ते काय माझ्या भावाचा रहाट फिरवायला? मारा पायडल!"

"तू तर नको म्हणत होतीस!"

"अजून नकोच म्हणते! मारा!"

ती ढकलत होती आन शिव्या घालत होती, मी पायडल मारत होतो आन शिव्या खात होतो. आम्ही दोघं देवळाच्या अंगणात पोचलो. मला उतरता येत नव्हतं, चौघांनी उतरवलं.

"पाय टेकला नाय!" युसुफ ओरडला.

"पण ढकलला!" मुरारी फटफटी टाकून धावत आला. "ताईनं ढकलला! हे चालणार नाय!"

"ढकलू नये असं देवी कुठं बोलली?" चंदू म्हणाला.

"ढकलावं असं तरी कुठं बोलली?" महादू म्हणाला.

रामजीनं हात वर केला. "भांडू नका. देवीलाच विचारू."

देवळात सगळे शिरले. चार दिवस झाले, डाव्या खांद्यावर ते फूल सुकून काळं झालेलं, पण जागच्या जागी. लोकांनी त्याला हात जोडले. काही बाया तर त्या फुलासाठी वेगळं हळदकुंकू घेऊन आलेल्या. रामजीनं उजव्या खांद्यावर ताजं फूल लावलं, आन मुरारीनं आधीच गाऱ्हाणं घालून टाकलं, "आई, सायकल आता माझी काय?"

माझ्या डोळ्यांपुढं रहाट फिरला. आता उजवं पडणार. दुसरं काय पडणार? मी स्वतःच बंदोबस्त केलेला. मला सांगायला आवडलं असतं, की देवीपुढं माझं मन मला खायला लागलं. मन नाय, चाक. चाकासाठी मी बोललो.

"थांबा! डाव्या खांद्यावर चीक हाय! फणसाचा. मी लावलाय."

असा सन्नाटा पडला, की बाहेर उरलेलं दूध किटलीतून ठिबकताना ऐकू येत होतं.

"कुठल्या फणसाचा?" चंदूनं विचारलं.

"हद्दीवरच्या."

"माझ्या फणसाचा चीक?" चंदू आन महादू एकदम ओरडले.

रामजी मटकन खाली बसला. "गाढवा, देवीला फसवलंस?"

"देवीला नाय. वाऱ्याला."

कोणी म्हणालं वाळीत टाका, कोणी म्हणालं फूल उपटा. रामजी म्हणाला, फुलाला हात लावायचा नाय, गाऱ्हाणं घातलेलं हाय, कौल चालू हाय. मग सगुणा पुढं झाली. देवीच्या दिव्याची तेलाची बुधली उचलली. "हात कशाला लावायला पायजे? मी देवीला तेल वाहते." आन तिनं डाव्या खांद्यावर हळूच धार सोडली. खोबरेल. जराशानं ते सुकलेलं फूल सरकलं, थांबलं, परत सरकलं, आन पडलं. उजवं ताजं फूल जागेवर तसंच.

"डावं आधी पडलं," महादू म्हणाला.

रामजीनं डोळे चोळले, वाकून बघितलं, बोटानं चाचपलं. "नाय," तो म्हणाला. "मुरारी, आई नाय म्हणते."

"हा कुठला न्याय? ताईनं तेल ओतलं!"

"आन तुझ्या भावोजीनं चीक लावला. फिट्टंफाट. सायकल नाथूची." मग रामजी माझ्याकडं वळला. "पण तू सुटला नायस."

गावकी तिथंच बसली. मी उभा. तासभर खल झाला आन दंड ठरला: ज्यानं देवीच्या कौलात खोट केली, त्यानं एक वर्स चौदाही घरांचं दूध खाली न्यायचं. त्याच सायकलवर. पाठीमुळं किटल्या दुसऱ्यांनी चढवायच्या. येताना वळणावर पाय टेकला तरी चालेल. मुरारीच्या गाडीचं इंजिन त्या चढावर जळलेलं, त्यानं काय हरकत घेतली नाय. मी मान खाली घातली, म्हंजे पट्ट्यात जेवढी जाते तेवढी, आन म्हटलं, "गावकीचा शब्द मोडणार नाय." आवाज शक्य तेवढा रडवेला काढला.

ह्याला आता पाच वर्सं झाली. परवा पहाटे किटली चढवताना सगुणा म्हणाली, "काय वो, तो दंड एक वर्साचा होता ना?"

मी म्हटलं, "अजून थोडा बाकी हाय."

ती सातवी शिकलेली, तिला मोजता येतं. झाकण दाबून बसवलंन, माझा पट्टा एक भोक आवळलान आन म्हणाली, "उतारावर दोन्ही ब्रेक मारा. पुढचा एकटा मारू नका."